पटावरची नावे आणि वर्गातील शिक्षक : संचमान्यतेचे गणित

प्राथमिक शाळेत किती शिक्षक असावेत, हे त्या शाळेत किती मुलांनी प्रवेश घेतला आहे यावरून ठरते. दरवर्षी ठरावीक दिवशी पटावरील विद्यार्थ्यांची मोजणी होते. त्या संख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर होतात, काही पदे वाढतात, तर काही कमी होतात. महाराष्ट्रात या प्रक्रियेला 'संचमान्यता' म्हणतात. इतर राज्यांत तिची नावे वेगळी असली, तरी तिचा पाया एकच आहे. तो म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ आणि त्याला जोडलेली अनुसूची.

वरवर पाहता हा विषय कार्यालयीन हिशेबाचा वाटतो. पटावर एक नाव अधिक असेल, तर शाळेला आणखी एक शिक्षक मिळतो आणि एक नाव कमी झाले, तर असलेला शिक्षक दुसऱ्या गावी जातो. म्हणूनच खेड्यापाड्यांतील शाळांत पावसाळा संपता संपता या मोजणीची चर्चा सुरू होते. हे गणित नेमके कसे मांडले जाते आणि त्यात काय सुटून जाते, हे पालकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

संचमान्यता म्हणजे काय?

एखाद्या शाळेत मुख्याध्यापक, सहशिक्षक व पदवीधर शिक्षक यांची किती पदे असावीत, याला शासनाने दिलेली अधिकृत मान्यता म्हणजे संचमान्यता. 'संच' म्हणजे त्या शाळेचा कर्मचारीवर्ग. जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका आणि खाजगी अनुदानित अशा सर्व शाळांसाठी ही मान्यता आवश्यक असते. शिक्षकांचे वेतन शासनाच्या तिजोरीतून दिले जाते आणि मंजूर पद नसेल, तर त्या पदाचे वेतन निघत नाही.

या प्रक्रियेचा क्रम साधारणपणे ठरलेला आहे. शाळा आपल्या विद्यार्थ्यांची इयत्तावार माहिती भरते. केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी तिची तपासणी करतात. त्यानंतर निकषांनुसार पदांची संख्या काढली जाते आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या स्तरावरून मान्यता दिली जाते. पूर्वी ही सर्व कामे कागदावर होत असत. २०१५ मध्ये 'सरल' ही संगणकीय प्रणाली सुरू झाल्यानंतर विद्यार्थ्यांची माहिती नावनिशीवार नोंदविली जाऊ लागली आणि पदांची आकडेमोडही संगणकावर होऊ लागली.

येथे दोन शब्दांमधील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'पटसंख्या' म्हणजे शाळेत प्रवेश घेतलेल्या मुलांची संख्या, तर 'उपस्थिती' म्हणजे प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या मुलांची संख्या. कायद्याच्या अनुसूचीत प्रवेश घेतलेल्या मुलांचा उल्लेख आहे. त्यामुळे शिक्षकांची संख्या पटावरून ठरते, रोजच्या हजेरीवरून नव्हे.

कायद्यातील प्रमाण

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २५ व्या कलमानुसार प्रत्येक शाळेत अनुसूचीप्रमाणे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण राखणे ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. या कलमातील 'प्रत्येक शाळेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जिल्ह्याची किंवा राज्याची सरासरी योग्य असून भागत नाही. प्रमाण शाळेगणिक पाळले गेले पाहिजे, असा कायद्याचा आग्रह आहे.

पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी अनुसूचीतील प्रमाण असे आहे :

६० पर्यंत मुले : २ शिक्षक
६१ ते ९० मुले : ३ शिक्षक
९१ ते १२० मुले : ४ शिक्षक
१२१ ते २०० मुले : ५ शिक्षक
१५० हून अधिक मुले : ५ शिक्षक आणि १ मुख्याध्यापक
२०० हून अधिक मुले : मुख्याध्यापक वगळून एका शिक्षकामागे ४० हून अधिक मुले नसावीत

सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी निकष वेगळे आहेत. तेथे प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, असे कायदा सांगतो. विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक हवा. शिवाय ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असला पाहिजे. पटसंख्या १०० हून अधिक असेल, तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, तसेच कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, अशीही तरतूद आहे.

कायद्याने ठरविलेले हे किमान प्रमाण आहे. राज्ये आपल्या शासन निर्णयांद्वारे त्याची अंमलबजावणी करतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०१३, ऑगस्ट २०१५ आणि मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे निकष ठरविणारे किंवा सुधारणारे शासन निर्णय निघाले. महाराष्ट्रापुढे आणखी एक प्रश्न होता. राज्यात पूर्वीपासून पहिली ते चौथी प्राथमिक आणि पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक अशी रचना रूढ होती. कायद्याने मात्र पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन स्तर मानले. त्यामुळे चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवीचा आणि सातवीपर्यंतच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडण्याचा, तसेच त्यासाठी पदे देण्याचा प्रश्न अनेक वर्षे रेंगाळत राहिला.

दोन शिक्षकांचा नियम कोठून आला?

आज साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक मिळणे स्वाभाविक वाटते. परंतु काही दशकांपूर्वी खेड्यातील शाळा म्हणजे एकशिक्षकी शाळा, असेच चित्र देशाच्या मोठ्या भागात होते. एकच गुरुजी सर्व इयत्ता सांभाळत. ते रजेवर गेले की शाळाच बंद राहत असे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये 'खडू-फळा मोहीम' सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेत सर्व ऋतूंत वापरता येतील अशा दोन खोल्या, आवश्यक शैक्षणिक साहित्य आणि किमान दोन शिक्षक असावेत, त्यांपैकी एक शक्यतो शिक्षिका असावी, असे या मोहिमेचे सूत्र होते. पुढे सर्व शिक्षा अभियानात ४० मुलांमागे एक शिक्षक आणि प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक हे प्रमाण स्वीकारले गेले. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क समाविष्ट झाला आणि सहा ते चौदा वयोगटातील मुलांसाठी शिक्षण हा मूलभूत हक्क बनला. २००९ च्या कायद्याने या हक्काला शाळानिहाय शिक्षकसंख्येची जोड दिली. जे आधी योजनेचे सूत्र होते, ते आता कायद्याचे बंधन झाले.

मोजणीचा दिवस

पटसंख्या वर्षभर स्थिर राहत नाही. म्हणून कोणत्या तारखेची संख्या धरायची, हे ठरवावे लागते. देशातील शालेय आकडेवारीसाठी अनेक वर्षे ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख राहिली आहे. महाराष्ट्रातही याच तारखेच्या पटावरून संचमान्यता करण्याची पद्धत रूढ झाली. केरळमध्ये मात्र जूनमध्ये शाळा उघडल्यानंतरच्या सहाव्या कामकाजाच्या दिवशी विद्यार्थ्यांची गणना होते आणि त्यावरून त्या वर्षीची शिक्षकपदे निश्चित केली जातात.

तारखेच्या निवडीचे परिणाम दिसतात तेवढे साधे नाहीत. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. ३० सप्टेंबरला त्यांची मुले गावच्या शाळेत असतात व तेथेच मोजली जातात. गाळप हंगाम सुरू झाला की तोच वर्ग अर्धा रिकामा होतो. दुसरीकडे, कारखान्याच्या परिसरातील शाळेत ही मुले पोहोचतात, तेव्हा तेथील मोजणी होऊन गेलेली असते. मुले वाढतात, पण शिक्षक वाढत नाहीत. साखरशाळा आणि मूळ गावातील हंगामी वसतिगृहे हे उपाय याच अडचणीतून पुढे आले. वर्षातून एकदाच होणारी मोजणी स्थलांतराचा माग घेऊ शकत नाही, हे मात्र खरे.

पटपडताळणी आणि आधार

पटावर पद अवलंबून असल्याने पट फुगविण्याचा मोह निर्माण होतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाचे नाव न काढणे, एकच मूल दोन शाळांत दाखविणे, मोजणीच्या दिवशी बाहेरून मुले आणून बसविणे असे प्रकार काही ठिकाणी उघडकीस आले होते. त्याची दखल घेऊन महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर विशेष पटपडताळणी मोहीम राबविली. तिच्याआधी नांदेड जिल्ह्यात असा प्रयोग झाला होता. एकाच मुलाची दोनदा गणना होऊ नये, यासाठी मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली. या मोहिमेत अनेक शाळांचा कागदावरील पट आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत मोठी तफावत आढळली आणि त्यावरून पुढे न्यायालयीन वादही झाले.

त्यानंतर मोजणीची पद्धत अधिकाधिक नावनिशीवार होत गेली. देशपातळीवर शाळांची माहिती गोळा करणाऱ्या 'यूडायस प्लस' या प्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेतली जाऊ लागली. महाराष्ट्रात संचमान्यतेसाठी आधार क्रमांकाची पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या पाहिली जाऊ लागली. यामुळे बनावट नावांना आळा बसण्यास मदत झाली. तथापि, एक नवी अडचणही पुढे आली. नावातील अक्षर किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर पडताळणी होत नाही. मूल रोज वर्गात येते, पण मान्यतेच्या हिशेबात ते धरले जात नाही. भटक्या समाजांतील, आदिवासी पाड्यांवरील आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या कागदपत्रांत अशा त्रुटी राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणजेच ज्या शाळेला शिक्षकाची गरज जास्त, तिचाच पट कागदावर कमी भरण्याचा धोका असतो.

अतिरिक्त शिक्षक आणि समायोजन

पट घटल्यामुळे मंजूर पदे कमी झाली की पूर्वीपासून काम करणाऱ्या शिक्षकांपैकी एखादा 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त ठरणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे. त्या शिक्षकाला पद रिक्त असलेल्या दुसऱ्या शाळेत पाठविले जाते. याला 'समायोजन' म्हणतात. साधारणपणे सेवेत कनिष्ठ असलेल्या शिक्षकावर ही वेळ येते. मात्र विषय, माध्यम आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांचाही विचार करावा लागतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत सर्व शिक्षक एकाच संस्थेचे कर्मचारी असल्याने समायोजन जिल्ह्याच्या आत होते. खाजगी अनुदानित शाळांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरतो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी नियमावली, १९८१ मध्ये पद रद्द झाल्यास करावयाच्या कार्यवाहीची तरतूद आहे. एका संस्थेतील अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या संस्थेने सामावून घ्यावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात दुसरी संस्था त्याला रुजू करून घेण्यास अनेकदा नाखूश असते. समायोजन लांबते, वेतन अडते आणि ज्या वर्गाला शिक्षक हवा असतो, तो वर्ग वाट पाहत राहतो.

मंजूर पद आणि भरलेले पद

संचमान्यतेत पद मंजूर झाले, म्हणजे वर्गात शिक्षक आला असे नाही. मंजुरी आणि नियुक्ती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या २६ व्या कलमानुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नयेत. लहान शाळेत या टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही. दोन मंजूर पदांपैकी एक रिक्त राहिले, की निम्मी पदे रिक्त झालेली असतात आणि द्विशिक्षकी शाळा एकशिक्षकी होते.

महाराष्ट्रात शिक्षक भरतीसाठी २०१७ मध्ये 'पवित्र' ही संगणकीय प्रणाली आणण्यात आली. भरतीची जाहिरात काढण्यापूर्वी संचमान्यता पूर्ण होणे, बिंदुनामावली तपासली जाणे आणि अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होणे, हे टप्पे पार करावे लागतात. यांपैकी एकाला विलंब झाला, तरी पुढचे सर्व काम थांबते. त्यामुळे काही वेळा एका वर्षीच्या पटावरून मंजूर झालेले पद भरले जाईपर्यंत शाळेचा पटच बदललेला असतो.

असलेला शिक्षकही पूर्णवेळ वर्गातच असतो, असे नाही. कायद्याच्या २७ व्या कलमानुसार दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. मतदार याद्यांसारखी कामे शिक्षकांकडून सुटीच्या दिवशी आणि अध्यापन नसलेल्या वेळीच करून घ्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये एका निकालात म्हटले होते. तरीही दोन शिक्षकांच्या शाळेतील एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा माहिती भरण्याच्या कामासाठी तालुक्याला गेला, तर त्या दिवशी ती शाळा एकशिक्षकीच असते.

मुले मोजली जातात, इयत्ता नव्हेत

या साऱ्या व्यवस्थेतील मूळ प्रश्न अनुसूचीच्या रचनेतच आहे. पहिली ते पाचवी म्हणजे पाच इयत्ता. प्रत्येक इयत्तेचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तके वेगळी आहेत. तरीही या टप्प्यावर शिक्षक ठरविताना इयत्ता किती आहेत, हे पाहिले जात नाही. मुले किती, एवढेच पाहिले जाते. पाच इयत्तांना पाच शिक्षक मिळण्यासाठी शाळेत किमान १२१ मुले असावी लागतात. याचा अर्थ असा, की पाचवीपर्यंतच्या ज्या शाळेत १२० किंवा त्याहून कमी मुले आहेत, तेथे एका शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्ता शिकविणे कायद्यालाच गृहीत आहे.

हे तासांच्या भाषेत मांडले, तर अधिक स्पष्ट होते. अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामकाजाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरलेले आहेत. दोन शिक्षकांचे मिळून १,६०० तास होतात. ते पाच इयत्तांत समान वाटले, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे ३२० तास येतात. उरलेले ४८० तास ती मुले वर्गात असतात, पण शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळलेला असतो. तीन शिक्षक असतील, तर प्रत्येक इयत्तेला ४८० तास मिळतात. चार असतील तर ६४० आणि पाच असतील तरच पूर्ण ८०० तास. एकशिक्षकी शाळेत हा वाटा केवळ १६० तासांवर येतो.

आता समजा, एका शाळेत ६१ मुले आहेत. तिला तीन शिक्षक मंजूर आहेत. एक कुटुंब गाव सोडून गेले आणि पट ६० वर आला. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण २०.३ वरून ३० झाले. हे प्रमाण कायद्याच्या चौकटीत बसते आणि कागदावर काही बिघडलेले दिसत नाही. परंतु वर्गात प्रत्येक इयत्तेचे वर्षाला १६० तास कमी झाले. गेलेले मूल एक आहे, तोटा मात्र मागे राहिलेल्या साठही मुलांचा झाला. मोजणीच्या दिवशी एकेका नावासाठी शिक्षक घरोघरी का फिरतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

अर्थात, अनेक इयत्तांना एकत्र शिकविणे म्हणजे निकृष्ट शिक्षण असे सरसकट म्हणता येत नाही. मुलांचे वयाऐवजी शिकण्याच्या पातळीनुसार गट पाडणे, मोठ्या मुलांनी लहानांना मदत करणे, स्वयंअध्ययनाची कार्डे वापरणे अशा पद्धतींनी अनेक लहान शाळांनी चांगले काम केले आहे. परंतु त्यासाठी शिक्षकाला वेगळे प्रशिक्षण आणि वेगळे साहित्य लागते. पाठ्यपुस्तके मात्र एक इयत्ता, एक शिक्षक असे गृहीत धरूनच तयार होतात.

सरासरी काय सांगते, काय लपविते?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या 'यूडायस प्लस' अहवालानुसार २०२४-२५ मध्ये देशातील शालेय शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. त्या वर्षी एका शिक्षकामागे विद्यार्थ्यांचे प्रमाण पायाभूत स्तरावर १०, पूर्वतयारी स्तरावर १३ आणि मध्य स्तरावर १७ होते. ही सरासरी कायद्याच्या प्रमाणापेक्षा कितीतरी चांगली आहे. परंतु त्याच वर्षी देशात १,०४,१२५ शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकत होती. याउलट, ७,९९३ शाळांत एकाही विद्यार्थ्याचा प्रवेश नव्हता, तरी तेथे वीस हजारांहून अधिक शिक्षकांची नोंद होती.

ही दोन्ही चित्रे एकाच अहवालातील आहेत. देशात शिक्षक कमी आहेत की जास्त, हा प्रश्न म्हणूनच अपुरा ठरतो. ते कोठे आहेत आणि कोणत्या विषयाचे, कोणत्या माध्यमाचे आहेत, हा खरा प्रश्न आहे. रस्त्यालगतच्या शाळेत पदे भरलेली आणि दुर्गम पाड्यावरील शाळेत रिक्त, अशी स्थिती एकाच तालुक्यात आढळते. सरासरी मात्र दोन्ही शाळांची मिळून निघते.

माध्यमाचा प्रश्न आणि मराठी शाळा

संचमान्यतेत माध्यमालाही महत्त्व असते. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. एका माध्यमात अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाला दुसऱ्या माध्यमाच्या रिक्त पदावर सहजपणे नेता येत नाही. सोलापूर व सांगली जिल्ह्यांच्या सीमाभागात असलेल्या कन्नड माध्यमाच्या शाळांपुढेही हीच मर्यादा असते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांसाठी हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण देण्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये म्हटले आहे. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाला. त्याआधी ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र मान्य झाले होते. त्या भाषेची मुले संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० असतील, तर त्यांच्यासाठी किमान एक शिक्षक नेमावा, असे ते सूत्र होते. म्हणजे मातृभाषेतून शिकण्याचा अधिकारही अखेर पटसंख्येशीच बांधला गेला.

बेळगाव, बिदर व कारवार या भागांतील मराठी शाळांसाठी, तसेच गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांसाठी पटाची घसरण हा केवळ शिक्षकसंख्येचा प्रश्न राहत नाही. पालकांचा कल इंग्रजी माध्यमाकडे वळला की पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतात. एकाच शिक्षकावर सर्व इयत्ता आल्या की उरलेले पालकही मुलांना दुसरीकडे पाठवितात. या चक्रात शाळा बंद पडते, तेव्हा त्या गावातील मराठी माध्यमाचा पर्यायच संपतो. महाराष्ट्रातील लहान गावांतही हेच चक्र फिरताना दिसते.

लहान शाळांचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार २०१६-१७ मध्ये देशातील सुमारे २८ टक्के सार्वजनिक प्राथमिक शाळांत ३० हून कमी विद्यार्थी होते. अशा शाळांबाबत राज्यांनी वेगवेगळे मार्ग अवलंबिले. राजस्थानने २०१४ मध्ये हजारो शाळांचे एकत्रीकरण केले. छत्तीसगडने २०२५ मध्ये 'युक्तियुक्तकरण' या नावाने दहा हजारांहून अधिक शाळांचे समायोजन केले. उत्तर प्रदेशाने जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला. त्याविरुद्धच्या याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने जुलैमध्ये फेटाळल्या. त्यानंतर द्विसदस्यीय पीठाने सीतापूर जिल्ह्यापुरती 'जैसे थे' स्थिती ठेवण्यास सांगितले.

महाराष्ट्रात २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांबाबत मार्च २०२४ च्या शासन निर्णयावरून शिक्षक संघटनांनी आक्षेप घेतले. सप्टेंबर २०२४ मध्ये अशा शाळांतील दोनपैकी एका पदावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. त्याला तीव्र विरोध झाला आणि २०२५ मध्ये तो रद्द करण्यात आला.

एकत्रीकरणाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. दहा-बारा मुलांच्या शाळेपेक्षा प्रत्येक इयत्तेला शिक्षक, ग्रंथालय आणि मैदान असलेली शाळा मुलांना अधिक देऊ शकते. परंतु शाळा आणि घर यांतील अंतर वाढले, की त्याचा फटका प्रथम लहान मुलांना आणि मुलींना बसतो. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या परिसरात असावी. ओढे, घाट आणि जंगल यांतून जाणारे एक किलोमीटर आणि डांबरी रस्त्यावरचे एक किलोमीटर यांत मोठा फरक आहे, हे डोंगराळ भागातील लोकांना सांगावे लागत नाही.

पुढील दिशा

नव्या धोरणाने प्रत्येक शाळेत विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ३० हून कमी आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांची संख्या मोठी असलेल्या भागांत २५ हून कमी ठेवण्याचे उद्दिष्ट मांडले आहे. तसेच परिसरातील शाळांचे 'शाळा संकुल' करून शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांचा सामाईक उपयोग करावा, असेही सुचविले आहे. संकुलाची ही कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने प्रथम मांडली होती. शाळा बंद न करता तिला शिक्षकांची जोड देण्याचा हा मार्ग आहे. मात्र कला, क्रीडा किंवा संगीताचा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येऊ शकतो, इयत्ता पहिलीचा शिक्षक मात्र रोज लागतो.

सहावी ते आठवीसाठी कायद्याने 'प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक' हे तत्त्व स्वीकारले आहे. अक्षरओळख आणि अंकज्ञान ज्या वयात होते, त्या पहिली ते पाचवीच्या मुलांना मात्र ते लागू नाही. तेथे अजूनही केवळ डोकी मोजली जातात. प्रमाण ४० चे ३० किंवा २५ झाले, तरी पंचवीस मुले आणि पाच इयत्ता असलेल्या शाळेचे कोडे त्याने सुटत नाही.

संचमान्यतेचा तक्ता शाळेच्या दप्तरी असतो आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना तो पाहता येतो. आपल्या गावच्या शाळेत किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत आणि पुढच्या पदासाठी किती नावे कमी पडतात, एवढे जरी पालकांनी विचारले, तरी मोजणीच्या दिवसाची काळजी एकट्या मुख्याध्यापकांची राहणार नाही.